गिअरबॉक्सचं विरजण

डॉक्टर माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या शेजारी जेवायला बसू नये. समोरच्याने पहिला घास तोंडात घातला की ते विचारायचे, "पोट साफ होतं का?" कुणालाही विचारायचे. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांना विचारलं, तेही भटजींच्या देखत. आजोबा बिचारे म्हणाले, "होतं." डॉक्टर म्हणाले, "मग काळजी नाही, अजून जगाल," आणि श्रीखंडाला लागले.

मंडळाच्या अंकासाठी बायकोबद्दल चार शब्द लिहून द्या, असं मला सांगितलंय. ती जाऊन अजून वर्ष झालं नाही. मी कागद घेऊन बसलो. एवढा संसार केला, पण तिच्याबद्दल एक ओळ सुचेना. डोक्यात येतात ते डॉक्टर. म्हणून डॉक्टरांबद्दल लिहितो. ज्यांना चालणार नाही त्यांनी पान उलटावं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, माझं शुद्धलेखन कुणी काढू नये.

ऐंशी सालानंतरची ती सगळी वर्षं आम्ही लेस्टरला त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. बेलग्रेव्ह रोडपासून आत, जोडघर, बाजूला गाडी लावायला अरुंद ड्राइव्ह. घराचं दार त्या ड्राइव्हवरच उघडायचं. मी सोलापूरला लूमवर होतो, इथे येऊन मोज्यांच्या कारखान्यात लागलो. डॉक्टरांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय मोजेवाले," म्हणायचे. मला राग यायचा. आता तसं म्हणणारं कुणी राहिलं नाही. पुढे डॉक्टर लंडनकडे एजवेअरला पुतण्याकडे गेले आणि तिकडेच वारले.

ते म्हाताऱ्यांच्या वॉर्डाचे डॉक्टर होते. इथे आपल्या लोकांना तेव्हा तेच मिळायचं, हृदय आणि मेंदू गोऱ्यांना आणि म्हातारे आपल्याला. वर कधी चढले नाहीत. त्याबद्दल बोलायचे नाहीत, पण एकदा म्हणाले, "माझा पेशंट बरा होत नाही मोजेवाले, फक्त उशिरा जातो. तेवढ्याचा पगार आहे."

खोटं बोलायचं नाही हा त्यांचा मोठा आजार. नातेवाईक विचारायचे, "डॉक्टर, आई सुधारेल ना?" हे म्हणायचे, "नाही." एवढंच. पुढे काही नाही. वहिनी म्हणायच्या, "अहो, नाहीच्या आधी जरा खोकत तरी जा. माणसाला धरायला वेळ मिळतो."

वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या बायको. मूल नव्हतं. का नव्हतं ते विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

आता गाडीचं सांगतो, कारण डॉक्टर म्हणजे ती गाडी. मोठी तपकिरी इंग्लिश गाडी, जुनी आणि ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक का, तर डॉक्टरांचं लायसन्सच तेवढं. साध्या गिअरच्या गाडीवर ते टेस्टला इतक्या वेळा नापास झाले की परीक्षा घेणारा माणूस शेवटी म्हणाला, सर, तुमचा डावा पाय वेळेवर येत नाही. मग ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली आणि पास झाले. पण इथे नियम असा, की ऑटोमॅटिकवर पास झालात तर आयुष्यभर ऑटोमॅटिकच चालवायची. आमच्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडे तसली गाडी नव्हती. म्हणजे ही बंद पडली की डॉक्टर पायी.

"माझं लायसन्स अर्धं आहे," ते सांगायचे. आणि डाव्या पायाला काम नाही म्हणून तो चक्क मांडी घातल्यासारखा सीटवर दुमडून बसायचे. चप्पल खाली, पाय वर, उजवा पाय ब्रेकवर. सूट-टायमध्ये अर्धी मांडी.

"अहो, पाय खाली सोडा, पोलीस बघेल," वहिनी म्हणायच्या.

"पोलिसाला बोनेट दिसतं. पाय तुला दिसतो."

गाडी गॅरेजात द्यायची नाही हा दुसरा आजार. गॅरेजवाले खाटीक आहेत म्हणायचे. सगळं घरी, ड्राइव्हवर. गिअरबॉक्समधून आवाज येतो का ते बघायला स्वयंपाकघरातलं लाटणं घ्यायचे. एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं कानाला. डोळे मिटून ऐकायचे. वहिनी दारातून म्हणायच्या, "आता या लाटण्याच्या पोळ्या तुम्हीच खा." आणि ते खायचे. त्यांना काही वाटायचं नाही.

गिअरबॉक्सचं तेल बदलताना मी पहिल्यांदा त्यांना बघितलं तो दिवस आठवतो. इंजिनचं तेल सगळे बदलतात. गिअरबॉक्सला वेगळं तेल असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पुढची चाकं लोखंडी उतारावर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, खाली पुठ्ठा अंथरला. टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचलं आणि डॉक्टर आडवे झाले. मला खाली वाकायला लावलं.

"ही परात," ते म्हणाले. गिअरबॉक्सच्या तळाला खरंच चौकोनी परातीसारखं झाकण असतं. "हिचे सगळे बोल्ट एकदम काढले तर तेल तोंडावर. एका कोपऱ्याचे सैल करायचे, तो कोपरा कलतो, मग धार लागते. घाईचं काम नाही."

धार लागली. कोकम सरबत शिळं झाल्यावर दिसतं तसला रंग. खाली वहिनींचं जुनं पातेलं ठेवलं होतं. परात निघाली. तिच्या तळाला एक लोहचुंबक, त्यावर काळा बारीक चिखल. डॉक्टरांनी तो बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला. "हे दात झिजल्याचं पीठ. एवढं असतंच. तुकडे असते तर रडलो असतो." मग वरचा फिल्टर काढला. चहाच्या गाळणीचा चपटा भाऊ. नवा बसवला, परातीला नवं बुचाचं पॅकिंग लावलं, बोल्ट आवळले. पांढऱ्या रुमालावर नव्या तेलाचा थेंब टाकून वास घेतला. तेल ओततात कुठून, तर तेल किती आहे ते बघायची पट्टी जिथे असते त्याच नळीतून, लांब नरसाळ्याने, थोडं थोडं.

मी म्हटलं, "डॉक्टर, निघालं त्यापेक्षा गाडीत जास्त मावतं म्हणता. मग बाकीचं कुठे आहे?"

"पुढच्या डब्यात. निम्मं तिथे राहतं."

"ते काढायचं नाही?"

"राहू द्यायचं. विरजण आहे ते. जुनं थोडं लागतं. नव्याला वागायचं कसं ते जुनं शिकवतं."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "माझा शब्द चोरला बघा. डॉक्टरकी शिकायला विलायतेत आले आणि दह्यावर भागवतात."

विरजण हा शब्द त्यांचाच. मिरजेहून येताना त्यांनी सुती फडकं दह्यात भिजवून, वाळवून, घडी करून ट्रंकेत आणलं होतं. विमानतळावरच्या माणसाने विचारलं हे काय, तर म्हणाल्या डस्टर. इथे आल्यावर ते फडकं कोमट दुधात बुडवलं आणि दही लागलं. लेस्टरमध्ये तेव्हा जेवढी मराठी घरं होती त्यांतल्या बहुतेकांच्या घरात वहिनींचं विरजण गेलं होतं. आमच्याही. आमची ही आणि वहिनी सख्ख्या बहिणींसारख्या. भांडायच्याही तशाच.

पुढे नव्वद साल उलटल्यावर वहिनींच्या पोटात गाठ निघाली. ज्या माणसाने सगळ्या गावाला पोटाचं विचारलं त्याच्या घरात. ऑपरेशन झालं. सर्जन तरुण होता, भला होता. त्याने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, बहुतेक सगळं काढलंय, थोडं राहिलं आहे. तिथपर्यंत हात जात नव्हता.

डॉक्टर घरी आले तेव्हा मी आणि आमची ही खालीच होतो. त्यांनी कोट काढला नाही. स्वयंपाकघरात ओट्याला हात टेकून उभे राहिले. ओट्यावर दह्याचं स्टीलचं भांडं होतं, हिनेच आदल्या संध्याकाळी लावलेलं. त्याच्याकडे बघत म्हणाले, "थोडं राहिलं." मग परत तेच. हिने विचारलं, "थोडं म्हणजे कमीच ना डॉक्टर?" त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि "नाही" म्हणाले. या वेळी आधी खोकले. त्यानंतर डॉक्टरांनी दही खाल्लं नाही. पानात वाढलं तर वाटी बाजूला सरकवायचे.

आणि त्यांचं म्हणणं खरं झालं. जे राहिलं होतं ते पसरलं. वहिनी परत वॉर्डात गेल्या आणि आता काही करण्यासारखं नाही हे ठरलं. त्यांना ते डॉक्टरांनीच सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगू दिलं नाही.

वहिनींनी एकच मागितलं. घरी यायचं. तिथे, पलंगाभोवती ओढतात त्या पडद्यामागे, मरायचं नाही. हॉस्पिटल तयार झालं. पलंग खालच्या खोलीत आणून ठेवला, रोज नर्स येणार असं ठरलं. आणायला अँब्युलन्स पाठवतो म्हणाले तर वहिनी नको म्हणाल्या. आमच्या हिला सांगितलं, "आडवी होऊन मी माझ्या दारात येणार नाही गं. बाहेर काढतील तेव्हा आडवं काढू दे. येताना मी पुढच्या सीटवर बसून येणार."

पण गाडी तेव्हा धड नव्हती. महिनाभर डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. पाय दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी विचार करत बसायची, मग धक्का देऊन निघायची. रुमालावर थेंब टाकला तर तपकिरी, त्यात काळे कण, आणि वास करपलेल्या फोडणीचा.

मी म्हटलं, "टॅक्सी करू ना डॉक्टर. टॅक्सीतही पुढे बसता येतं."

"तिला तिच्या गाडीत यायचंय."

"असं त्या म्हणाल्या?"

"मी म्हणतो."

शनिवारी सकाळी गाडी परत त्या लोखंडी उतारावर चढली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, कोपरा सैल करणं, धार, परात. चुंबकावरचा चिखल या वेळी जास्त होता. त्यांनी तो बोटात चोळला नाही, पुसून टाकला. नवा फिल्टर लावला. मग गाडीखाली पुढे सरकले आणि मला म्हणाले, पान्याने इंजिन हळू हळू फिरवा. मी फिरवत राहिलो. ते खालून म्हणाले, "थांबा." पुढच्या डब्याला एक बूच असतं, ते समोर यायची वाट बघत होते.

"डॉक्टर, हे तुम्ही कधी काढत नाही. विरजण म्हणता ना?"

"या वेळी नाही."

"पण थोडं तरी..."

"काही राहायला नको," ते खालून म्हणाले. "एक थेंब राहायला नको. समजलं?"

त्यांनी डबा रिकामा केला. नवं तेल भरलं, गाडी चालू केली, सगळ्या गिअरमधून दांडा फिरवला, आणि ते नवं तेलही परत काढलं, आत कुठे जुनं चिकटलं असेल तर तेही यावं म्हणून. परत भरलं. परात वहिनींच्या सिंकमध्ये गरम पाण्याने धुतली, इस्त्रीच्या रुमालांनी पुसली. असं मी त्यांना माणसाच्या बाबतीतही करताना बघितलं नव्हतं. हिने पोळ्या करून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

दुपारी एक चक्कर मारून आले. गाडी लोण्यासारखी चालली. धक्का नाही, ओरडणं नाही. डॉक्टर म्हणाले, "छान." हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही तिघं आणायला गेलो. हिने वहिनींना लुगड्यावर जाड कार्डिगन चढवलं, केस विंचरले, कुंकू लावलं. चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणलं. डॉक्टरांनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, मांडीवर पांघरूण घातलं. आम्ही दोघं मागे. वॉर्डाची सिस्टर हात हलवत उभी. डॉक्टरांनी दांडा पुढच्या गिअरला आणला, पाय दाबला. इंजिन ओरडलं. गाडी हलली नाही.

दोनवर घातलं, एकवर घातलं. बंद करून परत चालू केली. पायाखालून करपल्याचा वास आला. सिस्टर जवळ आली, खिडकीतून म्हणाली, डॉक्टर, यांना आत आणू या, उद्या अँब्युलन्सने पाठवते, मी स्वतः फोन करते. चांगली बाई होती. तिने ती चाकाची खुर्ची परत दारापाशी आणली.

वहिनींनी खुर्चीकडे बघितलं आणि दाराचा दांडा धरला. "मी उतरणार नाही," म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, पण सिस्टरला कळलं.

डॉक्टर गिअरचा दांडा चाचपत होते. तो मागच्या गिअरवर गेला आणि गाडी धक्का देऊन एक हात मागे सरकली. त्यांनी ब्रेक दाबला. तेवढाच एक गिअर जिवंत होता.

"मग मागे चला," वहिनी म्हणाल्या.

हॉस्पिटल घरापासून फार लांब नव्हतं. मी उतरलो आणि गाडीच्या मागे, म्हणजे ती जात होती त्या दिशेला, हात वर करून चालू लागलो. रविवारची सकाळ, रस्ते रिकामे. एक गोरा आपली गाडी धूत होता, त्याने पाण्याचा पाइप खाली केला. कुत्र्याला फिरवणारी बाई फुटपाथवर थांबून राहिली. मोठा रस्ता ओलांडताना एक बस आली. मी हात जोडले. ड्रायव्हरने काचेतून डॉक्टरांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि भोंगा न वाजवता थांबला.

आत काय झालं ते मला ठाऊक नाही. ते हिला ठाऊक. ही गोष्ट खरं तर तिचीच, तीच सांगायची, आणि मी मध्ये बोललो की, "तुम्ही बाहेर होतात, तुम्हाला काय माहीत," म्हणून गप्प करायची. ती सांगायची की मागे बघत गाडी चालवायची म्हणून डॉक्टरांनी डावा हात वहिनींच्या सीटच्या पाठीवर टाकला होता आणि मान वळवली होती, त्यामुळे घर येईपर्यंत त्यांचं तोंड वहिनींच्या तोंडाजवळ होतं. एरवी गाडी चालवताना हा माणूस बायकोकडे बघायचा नाही.

वहिनी म्हणाल्या, "आज पोट साफ झालं का विचारलं नाहीत."

"झालं का?"

"नाही."

"माझंही नाही."

मग वहिनी म्हणाल्या, "सगळं काढलंत ना काल? विरजणसुद्धा?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं?"

हिला वाटलं डॉक्टर रस्त्याकडे बघतायत. ते रस्त्याकडे बघत नव्हते, कारण तेवढ्यात गाडी फुटपाथला घासली आणि मी बाहेरून ओरडलो.

आमची ही आता गेली ती वॉर्डातच गेली. सकाळी फोन आला आणि मी पोचेपर्यंत पडदा ओढलेला होता. तिला घरी यायचं होतं की नाही, मला माहीत नाही. ती बोलू शकत नव्हती. हे इथे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

त्या रविवारी गाडी मागे मागे येत ड्राइव्हमध्ये शिरली. एरवी डॉक्टर तोंड आत घालून लावायचे. या वेळी गाडीचं तोंड रस्त्याकडे राहिलं. डॉक्टर त्यांना उचलायला वाकले तेव्हा वहिनींनी काचेतून समोरचा रस्ता बघितला आणि म्हणाल्या, "बरं झालं. जायच्या तोंडाने लागली."

"गप्प बस," डॉक्टर म्हणाले.

दारातल्या दोन पायऱ्या वहिनी स्वतः चढल्या. एका बाजूने ही, एका बाजूने ते, पण पाय त्यांचे. त्यानंतर काही दिवस होत्या. खालच्या खोलीत, खिडकीशी पलंग. ही दिवसभर त्यांच्याजवळ असायची. एका दुपारी ऊन होतं आणि त्या गेल्या. डॉक्टरांनी मनगट हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि खाली ठेवलं. घड्याळात बघितलं नाही.

न्यायला काळ्या सूटमधले दोन गोरे आले. खोलीतून दारापर्यंत ठीक होतं, पण दार ड्राइव्हवर उघडायचं आणि दाराला लागून गाडी उभी. स्ट्रेचर वळेना. आणल्यापासून ती तिथेच होती. पुढे जात नव्हती आणि मागे भिंत. त्यांतला थोरला डॉक्टरांकडे आला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, सर, गाडी तेवढी पुढे घेता का.

डॉक्टरांचं इंग्रजी गोऱ्यांना लाजवेल असं होतं. त्या दिवशी ते त्यांना सापडेना. माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "सांगा त्यांना, मोजेवाले. ती पुढे जात नाही."

मी त्या माणसाला म्हटलं, वी पुश. डॉक्टरांना दंडाला धरून गाडीत बसवलं, दांडा मोकळ्यावर टाकला. मग तो थोरला, त्याचा जोडीदार आणि मी, तिघांनी मागून हात लावले. गाडी जड होती, पण एकदा सुटली आणि मग सरळ जायला लागली. ड्राइव्ह संपली, फुटपाथ गेला, रस्ता आला. डॉक्टर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. आता वळवा, असं मला त्यांना दोनदा सांगावं लागलं.